मशीन म्हणतं, ही बाई ती नव्हेच

पहिला पाऊस पडला की रविवारच्या कसारा लोकलमधून निम्मी डोंबिवली खडवलीला उतरते. पाय भातसा नदीत, हातात मोबाईल, अंगठा सारखा खालीवर. पूर्वी शाळा न शिकलेल्याला आपण अंगठाबहाद्दर म्हणून हिणवायचो. आता शिकलेल्यांनी तीही पदवी बळकावली.

वंचित राहिला तो कातकरी. सरकारच्या यादीत कोलाम आणि माडिया गोंडांसोबत 'विशेष असुरक्षित' म्हणून त्याचं नाव आहे. यादीत आहे, मशीनला मात्र ते पटत नाही. दिवाळीनंतर बिऱ्हाड वीटभट्टीवर जातं, विटा थापून थापून बोटांच्या रेषा झिजतात, आणि रेशन दुकानातलं थंब मशीन म्हणतं, ही बाई ती नव्हेच. "मावशे, बोट पुसून लाव." मावशी पदराला पुसते, केसांतलं तेल लावते, शेवटी करंगळीही देऊन बघते. तांदूळ समोर, मावशी समोर. दोघांची ओळख करून देणारा सर्व्हर तेवढा जेवायला गेलेला.

भट्टीवाल्याच्या उचलीच्या वहीत मात्र हाच अंगठा पिढ्यान् पिढ्या पहिल्या फटक्यात जुळत आलाय. ना रेंज लागली, ना सर्व्हर. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली म्हणतात. वही बहुधा निरक्षर असावी.

अंगठ्यावर उतारा म्हणून ओटीपी आला. लाडक्या बहिणीला 2024 मध्ये महिना 1500 रुपये सुरू झाले आणि 2025 मध्ये ई-केवायसी. त्यात बहिणीच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी. दोघेही वर गेलेले असतील तर? उंचावर रेंज चांगली मिळते, एवढाच काय तो दिलासा. खाली वाडीत घरटी एक मोबाईल. तो कामावर गेलेल्या पोराच्या खिशात, आणि रिचार्ज संपलेला. निवडणुकीच्या दिवसांत उमेदवाराचे हात जोडलेले व्हिडिओ त्याच मोबाईलवर कसे पोचतात, हे तंत्रज्ञानच जाणे.

परवा नदीच्या वाटेवर अशीच एक मावशी शेवळाच्या जुड्या घेऊन बसली होती. सहलीला आलेल्या एका पोराने मोबाईल रोखला. क्षणात तिच्या चेहऱ्याभोवती पिवळा चौकोन उमटला. ना तेल, ना करंगळी. रील झालं, गाणं लागलं, दोन जुड्या पिशवीत गेल्या. मग पोराने खिसे चाचपले.

"काकू, स्कॅनर आहे का?"