पहिल्या रांगेतल्या मोबाइलवाल्यास जाहीर पत्र

प्रति,
रसिकराज मोबाइलधारक,
पहिली रांग, जत्रेचा तमाशा,
मु. पो. भोर-वेल्ह्यातलं कुठलंही गाव.

स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, यंदा चैत्रातल्या जत्रेत छबिन्यानंतरचा तमाशा आपल्या कृपेने पाहायला मिळाला. स्टेज दिसलं नाही, पण आपल्या मोबाइलच्या पडद्यावर चार बोटं उंचीची नाचणारीण स्पष्ट दिसली. मागून ‘ए, खाली बस की!’ अशी आरोळी आली, तेव्हा आपण वळून आरोळी ठोकणाऱ्याचाही व्हिडिओ काढलात. कलावंत आणि प्रेक्षक असा भेद आपण मानत नाही, हे पाहून ऊर भरून आला.

शहरातल्या नाट्यगृहांचं कौतुक आपल्याला कशाला? तिथे कुजबुजलं तरी शेजारी डोळे वटारतो. प्रयोगात वाजणाऱ्या मोबाइलला वैतागून सुबोध भावे यांनी 2019 साली नाटकात काम न करण्याचा इशारा दिला होता. आपल्याकडे असले सोवळे नाहीत. शिट्टी चालते, टोपी उडवलेली चालते, सोंगाड्याला मधेच टोमणा मारलेला चालतो. तो उलट आपल्यालाच गिऱ्हाईक करतो. अडचण एवढीच की टाळीला दोन हात लागतात आणि शिट्टीला दोन बोटं. आपले सगळेच अवयव कामात होते. गवळणीत मावशीने मान वेळावून फिरकी घेतली, ढोलकीवाल्याने कडकडून तिहाई मारली आणि दाद घ्यायला आपल्याकडे पाहिलं. आपण झूम करत होतात.

बतावणीचं तर आपण सोनं केलंत. नारायणगावच्या राहुट्यांत पाडव्याच्या सुमाराला सुपाऱ्या ठरतात आणि मग फड आज या गावी, उद्या त्या गावी. गावागावाला चार टोमणे नवे, बाकी हशे ठेवणीतले; त्यांच्यावरच सोंगाड्याचा हंगाम निघतो. पण फडाचा ट्रक निघायच्या आत आपली क्लिप पुढच्या गावच्या ग्रुपवर पोचलेली. तिथे सोंगाड्याने तोंड उघडलं की पुढचं वाक्य पोरंच म्हणतात. वेल्ह्याच्या खोऱ्यात रेंज नाही, म्हणून आपण मध्यरात्री टेकाड चढून ती धाडलीत असं ऐकतो. तोरण्याच्या मुलखात अशी चढाई शोभूनच दिसते.

कायद्याचं मनावर घेऊ नका. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 साली दुरुस्ती झाली आणि कलावंताच्या संमतीवाचून त्याच्या कलेचं चित्रण करायला बंदी आली. या कलावंतांत नट, गायक, नर्तक तर आहेतच, जादूगार आणि गारुडीसुद्धा आहेत. स्वतःपुरतं चित्रण करायला मुभा आहे म्हणा. पण आपलं ‘स्वतःपुरतं’ म्हणजे सगळे ग्रुप आणि वर स्टेटस! भोरच्या राजवाड्यात शूटिंग करायचं तर सिनेमावालेही आधी परवानगी काढतात. दगड-लाकडाच्या वाड्याला विचारावं लागतं, फडातल्या बाईला विचारायची काय गरज, असा आपला सडेतोड हिशेब दिसतो.

तरीही आपल्या कलेला वाव मिळावा, म्हणून एक सुचवतो. गण, गवळण, बतावणी आणि वग चालू असताना मोबाइल खिशात ठेवा. मधे जत्रा कमिटी कार्यक्रम थांबवून पाहुण्यांचे सत्कार करते, ते मात्र जरूर टिपा. पहिल्या नारळापासून शेवटच्या पुढाऱ्याच्या ‘दोन शब्दां’पर्यंत एक क्षण सोडू नका. हवं तर उभे राहा, फ्लॅश मारा. मागून कुणी ‘खाली बस’ म्हणणार नाही. आणि ती क्लिप तेवढी पुढच्या गावी ट्रकच्या आधी पोचवा. तिथले लोक सावध तरी होतील.

आपला,
मान वाकडी झालेला मागच्या रांगेतला प्रेक्षक