नागपूरची धास्ती युरोपात विकणाऱ्या एजंटास

परदेशी रेल्वेची तिकिटं नागपुरात बसून विकणारे एजंट महाशय,

हे पत्र चारचौघांत लिहिते आहे, कारण ते तुमच्याइतकंच तुमच्या पुढच्या गिऱ्हाइकानेही वाचायला हवं. तुमचं नाव आणि दुकानाचं नाव लिहीत नाही. तुमच्याच पद्धतीने धंदा करणारे पुण्या-मुंबईतही आहेत, त्यामुळे हे त्यांनाही लागू आहे. आरोप सरळ सांगते: माझ्या मावशी-काकांच्या भीतीचं तुम्ही भांडवल केलंत आणि जिथे त्यांना खरोखर सावध करायला हवं होतं तिथे तोंड बंद ठेवलंत.

त्यांना तुम्ही दिलेला कोटेशनचा कागद माझ्यासमोर आहे. विमान, हॉटेल, विमा, आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘युरोप रेल पास – कम्पल्सरी’. त्या ओळीपुढे तुमच्याच अक्षरात पेनाने लिहिलेलं आहे: ‘तिथे गेल्यावर तिकीट मिळत नाही.’ काकांनी तुम्हाला एकच प्रश्न विचारला होता, “कन्फर्म आहे ना?” तुम्ही म्हणालात, “शंभर टक्के कन्फर्म, काका. बिनधास्त जा.” दोघंही साठी ओलांडलेले. साठीपुढच्या प्रवाशांना त्या पासवर दहा टक्के सवलत मिळते. तुमच्या कागदावर मात्र दोघांनाही पूर्ण दर लावलेला आहे. ही सवलत तुम्हाला माहीत नसेल, तर तुम्हाला धंदा येत नाही. माहीत असूनही दिली नसेल, तर त्याला काय म्हणतात ते तुम्हीच ठरवा.

काकांचा तो प्रश्न कुठून आला, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, कारण तुम्हीही याच गावचे. दिल्ली-चेन्नई आणि हावडा-मुंबई हे देशातले दोन मोठे मार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. गाड्यांना इथे तोटा नाही. पण त्यातल्या बऱ्याचशा दुसरीकडून भरून येतात आणि दुसरीकडे निघून जातात. पूर्वी १२० दिवस आधी आरक्षण करता यायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर आली. दिवाळीला पुण्याहून घरी येणाऱ्या पोराचं तिकीट काढायला अख्खं घर सकाळी मोबाइल घेऊन बसतं. ते हुकलं की तत्काळ. एसीचं दहाला उघडतं, स्लीपरचं अकराला, आणि पैसे भरेस्तोवर वेटिंग लागतं. वेटिंग सरकेना, म्हणून शेवटी ट्रॅव्हल्सच्या बसला तिप्पट भाडं मोजावं लागतं. चाळीस वर्षं हे सोसलेला माणूस परदेशी निघाला की पहिला प्रश्न ‘कन्फर्म का’ हाच विचारणार. ही भीती त्याने इथल्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून कमावलेली आहे. तिला उत्तर देणं तुमचं काम होतं. तुम्ही तिला दर लावलात.

खरं उत्तर काय होतं? स्वित्झर्लंडमध्ये झुरिकहून ल्युसर्नला तासाला दोन गाड्या सुटतात. सीटचं आरक्षण लागत नाही. तिकिटाला विशिष्ट गाडीचं बंधन नाही. महिनाभर आधी काढा किंवा गाडी सुटायच्या पाच मिनिटं आधी मशिनवर काढा, साधं भाडं तेच राहतं. आधी काढून काही वाचवायचंच असेल, तर स्विस रेल्वेच्या स्वतःच्या ॲपवर सवलतीची तिकिटं असतात आणि निम्म्या भाड्यात फिरवणारं कार्डही पाहुण्यांना मिळतं. मावशी-काका भर दुपारी त्या गाडीत चढले तेव्हा अर्धा डबा रिकामा होता. काका सवयीने पासची प्रिंट हातात घेऊन डब्याच्या दारावर नावांचा चार्ट शोधत होते. खिडकीत बसलेल्या एका बाईंनी त्यांना हाताने खुणावलं, कुठेही बसा. ही एवढी गोष्ट तुम्ही तुमच्या टेबलावर दोन मिनिटांत सांगू शकला असतात.

आता मिलानचं ऐका. मिलानहून फ्लॉरेन्सला जाणाऱ्या वेगवान गाडीत पास असला तरी सीटचं आरक्षण सक्तीचं आहे आणि त्याचे पैसे वेगळे भरावे लागतात. फ्रान्सच्या वेगवान टीजीव्ही गाडीत तसंच, लंडनला जाणाऱ्या युरोस्टारमध्येही तसंच. शिवाय या शेवटच्या दोन गाड्यांत पासवाल्यांसाठी जागा मोजक्याच ठेवतात. आगाऊ धावपळ करायची ती नेमकी इथे. तुमच्या कागदावर त्याबद्दल एक अक्षरही नाही. काका पास दाखवून गाडीत बसले. तपासनीस आला आणि त्याने नियमाप्रमाणे दंड मागितला. तो त्याचं काम करत होता. परक्या मुलखात, चालत्या गाडीत, चार माणसांदेखत ज्याने उभ्या आयुष्यात विनातिकीट प्रवास केला नाही असा माणूस खाली मान घालून पाकीट उघडत होता. मावशीने त्या रात्री तुम्हाला फोन लावला. तुम्ही म्हणालात, “ते लोकल रूल्स असतात मॅडम, आमच्या हातात नसतं.” पैसे घेताना सगळं तुमच्या हातात होतं, दंड भरायची वेळ आली की हात वर.

जे तुम्ही सांगितलं नाहीत ते मीच इथे सांगते, म्हणजे पुढचं गिऱ्हाईक तुमच्या तोंडाकडे बघत बसणार नाही.

इटलीत गाड्यांचे दोन प्रकार लक्षात ठेवायचे. वेगवान गाड्यांचं भाडं विमानासारखं वाढत जातं. रोम-फ्लॉरेन्स आधी घेतलं तर वीस-तीस युरोंत मिळून जातं, ऐनवेळी पन्नासच्या पुढे जातं. फ्लॉरेन्सहून पिसाचा झुकता मनोरा बघायला जाणारी प्रादेशिक गाडी मात्र ठरलेल्या भाड्याची, साधारण दहा युरोंची. तिचं तिकीट स्टेशनवरच काढावं. कागदी तिकीट असेल तर चढण्यापूर्वी प्लॅटफॉर्मजवळच्या मशिनमध्ये शिक्का मारून घ्यावा. शिक्का नसेल तर खरं तिकीट असूनही दंड होतो.

जर्मनीत लांब पल्ल्याच्या आयसीई गाडीचं स्वस्त तिकीट काही महिने आधी मिळतं, पण ते त्याच गाडीला बांधलेलं असतं. गाव फिरायचं असेल, मुलाबाळांकडे राहून आसपास हिंडायचं असेल, तर मे २०२३ पासून डॉइचलँड तिकीट हे मासिक वर्गणीचं तिकीट आहे. ते देशभरच्या लोकल, बस, मेट्रो आणि प्रादेशिक गाड्यांना चालतं, आयसीईला चालत नाही. सुरुवातीला ते ४९ युरोंना होतं, २०२५ साली ५८ युरो झालं. महिन्याच्या दहा तारखेच्या आत बंद करायला विसरलात तर पुढचा महिना लागू होतो. काकांची मुलगी म्युनिकला राहते. महिनाभर तिच्याकडे राहणाऱ्या आईवडिलांना तुम्ही हे तिकीट सुचवलंही नाहीत.

इंग्लंडमध्ये सर्वात स्वस्त आगाऊ तिकिटं साधारण बारा आठवडे आधी येतात आणि साठीपुढच्या कुणालाही, परदेशी पाहुण्यालासुद्धा, सीनियर रेलकार्ड घेऊन बहुतेक भाड्यांत एक तृतीयांश सवलत मिळते. जपानचा सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येनवर गेला. टोकियो-क्योटो येऊनजाऊन तीस हजार येनच्या आत होतं. म्हणजे तेवढाच प्रवास करणाऱ्याच्या गळ्यात पास मारणं हा निव्वळ तोटा आहे. तिथल्या शिंकान्सेन या बुलेट ट्रेनचं तिकीट एरवी स्टेशनवर सहज मिळतं. सावध राहायचं ते वर्षअखेर, एप्रिलअखेरची सुट्टी आणि ऑगस्टमधला ओबोन सण एवढ्या दिवसांत, कारण तेव्हा शिंकान्सेनमधल्या नोझोमी गाड्यांचे सगळे डबे आरक्षित असतात.

‘पासमध्ये सगळं येतं’ हे तुमचं आवडतं वाक्य. आमच्या शेजारच्या कुटुंबालाही तुम्ही तेच सांगितलंत. मराठी माणूस स्वित्झर्लंडला जातो तो युंगफ्राऊ बघायला. १९१२ सालापासून ३,४५४ मीटर उंचीवर प्रवासी नेणारी तिथली रेल्वे. स्विस ट्रॅव्हल पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत चालतो, वरच्या टप्प्याला फक्त पंचवीस टक्के सूट देतो. चार माणसांच्या कुटुंबाला तिकीट खिडकीपाशी उभं राहिल्यावर हे कळणं म्हणजे काय, याचा हिशेब तुम्ही कधी केलात का? आणि बर्निना एक्सप्रेस या ज्या पर्यटक गाडीसाठी तुम्ही त्यांच्याकडून आरक्षणाचे जास्तीचे पैसे घेतलेत, त्याच रुळांवरून, त्याच हिमनद्यांसमोरून, साधी प्रादेशिक गाडीही धावते. तिला आरक्षण लागत नाही आणि तिच्या खिडक्या उघडतात.

व्हिसाचा बागुलबुवा तर तुम्ही प्रत्येकाला दाखवता. शेंगेन व्हिसाला प्रवासाची आखणी लागते, मुक्कामाचा पुरावा लागतो, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. आखणी दाखवा म्हणजे महागडा रेल पास विकत घ्या, असा त्याचा अर्थ होत नाही.

तुमची बाजूही मी ऐकली आहे. म्हाताऱ्या माणसांना ॲप जमत नाही, भाषा कळत नाही, पासने डोक्याला ताप राहत नाही, असं तुम्ही म्हणता. यात तथ्य आहे. रोज लांबचा प्रवास करणाऱ्याला, बोटी आणि संग्रहालयं बघणाऱ्याला स्विस पास परवडतोही. तुम्ही श्रमाचे पैसे घ्या, जरूर घ्या. माहिती गोळा करून नीट सांगणाऱ्याला मोबदला मिळालाच पाहिजे. पण तुम्ही माहिती दडवून पैसे घेतलेत. आपल्या रेल्वेत परवान्याशिवाय तिकिटांचा धंदा करणाऱ्याला १९८९च्या रेल्वे कायद्याचं कलम १४३ तीन वर्षांपर्यंत तुरुंगात पाठवू शकतं. तुम्ही त्या कलमाच्या बाहेर राहून धंदा करता म्हणून स्वच्छ ठरत नाही. ग्राहकाची दिशाभूल करणं हा २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी व्यवहार आहे, आणि काकांचा अर्ज जिल्हा ग्राहक आयोगासाठी तयार आहे. तुमच्या पेनाने लिहिलेली ती ओळ त्याला जोडली आहे.

तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. कोटेशनवर मूळ दर आणि तुमचं कमिशन वेगवेगळं लिहा. कोणत्या गाडीला आरक्षण सक्तीचं आहे आणि कोणतं तिकीट तिथे जाऊन त्याच भावात मिळतं, ते लेखी द्या. साठीपुढच्या माणसाला त्याच्या हक्काची सवलत न मागता द्या. एवढं केलंत, तर मी स्वतः चार लोकांना तुमच्या दुकानात पाठवीन.

आणि वाचकहो, परदेशी निघण्यापूर्वी एजंटासमोर बसाल तेव्हा प्रत्येक गाडीबद्दल तीन प्रश्न विचारा: भाडं ठरलेलं आहे की वाढत जाणारं? सीटचं आरक्षण सक्तीचं आहे का? हेच तिकीट त्या देशाच्या रेल्वेच्या साइटवर कितीला आहे? भाडं वाढत जाणारं असेल किंवा आरक्षण सक्तीचं असेल, तर तारीख पक्की होताच काढा. बाकी सगळी तिकिटं तिथे पोहोचल्यावर काढा. उत्तर देताना समोरचा गडबडला तर उठून या. फसवणूक झालीच, तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आपली,
एक नागपूरकर