सहा दिवसांचा पाडेली

हा ओळखायला सोपा. वय बाविशीच्या आसपास, डोक्यावर हेल्मेट, अंगात प्रशिक्षणात मिळालेला टी-शर्ट आणि मोटारसायकलच्या मागे आडवं बांधलेलं लोखंडी यंत्र. ते यंत्र इतकं आडवं, की अरुंद पाणंदीत समोरून येणाऱ्या म्हशीलाच बाजू द्यावी लागते. जुना पाडेली यायचा तो कमरेला कोयता आणि खांद्यावर दोराचा वेढा एवढ्या ऐवजावर. हा आधी व्हिजिटिंग कार्ड देतो. त्यावर नावापुढे ‘प्रशिक्षित’ असं छापलेलं असतं आणि बाजूला माडाचं चित्र, म्हणजे हा आंब्यावर चढणारा नव्हे हे वेगळं सांगायला नको.

हे प्रशिक्षण सहा दिवसांचं. कोचीच्या नारळ विकास मंडळाने ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ नावाने ते 2011 साली सुरू केलं, कारण केरळातसुद्धा माडावर चढायला माणूस मिळेना. सिंधुदुर्गात वेगळं काय होतं? पाडेल्याचा मुलगा गोव्यात हॉटेलात लागला, धाकटा रिक्षा चालवू लागला आणि बागेतले नारळ आपल्या मर्जीने, शक्यतो कुणाच्या तरी कौलांवर पडू लागले. मग पोरांना सहा दिवस शिकवायचं, जाताना चढायचं यंत्र हातात द्यायचं आणि वर अपघात विम्याची सोय करायची, अशी ही योजना. गंमत अशी, की त्यात आलेल्यांपैकी कित्येकांच्या घराण्यात कुणी माडाला हातसुद्धा लावलेला नव्हता. आमचा हा त्यांतलाच. बी.ए. झालेला. सोयरीक घेऊन कुणी आलं की त्याची आई सांगते, ‘नारळ विकास मंडळात आहे.’ ते खोटं म्हणता येत नाही, आणि पाहुणेही चहा संपेपर्यंत अधिक खोलात शिरत नाहीत.

त्याचं पहिलं काम बघायला निम्मी वाडी जमते. यंत्राचे दोन भाग, एक उजव्या पायाचा आणि एक डाव्या. प्रत्येकाची तारेची दोरी खोडाभोवती घालून अडकवायची, पट्ट्यात पाऊल घालायचं, एक पाय उचलायचा, त्याच्यावर भार द्यायचा, मग दुसरा. प्रशिक्षणात हे काही मिनिटांत जमलेलं असतं. पण तिथला माड सरळ होता आणि खाली मास्तर होते. इथला माड समुद्राकडे झुकलेला, आणि खाली काकी. वेढा सैल की घट्ट हे तो तिसऱ्यांदा तपासतो तेव्हा काकी विचारते,

‘झिला, नारळ आधी येतले काय तू?’

बांधावर विडी ओढत बसलेला जुना पाडेली काही बोलत नाही. त्याला बोलावलेलं नसतं, पण तो येतो. माणूस आपल्या जागी आलेल्याला बघायला येतोच. तोवर त्याचे दोन माड पाडून झाले असते, हे तो बोलून दाखवत नाही. विडी विझवायच्या पद्धतीतून दाखवतो.

वर गेल्यावर खरी परीक्षा. माडावर नारळ एका वयाचे नसतात. महिन्याला साधारण एक झावळी, तिच्या बगलेत एक पोय, आणि नारळ पुरता पिकायला जवळजवळ वर्ष. म्हणजे एकाच शेंड्यात पार बोंड्यापासून तयार नारळापर्यंत सगळं गणगोत एकत्र नांदत असतं. जुना पाडेली कोयत्याच्या पाठीने टकटक करून कुठला घड तोडायचा ते ठरवतो. हा पुस्तिकेतली आकृती आठवतो. तेवढ्यात तांबड्या मुंग्या बाहीतून आत शिरतात, आकृती निघून जाते आणि हाताला लागेल तो घड खाली येतो. खाली काकी मोजत असते. चांगले किती, शहाळी किती आणि उगाच पाडलेले अडसर किती. हा हिशेब पुढच्या पाड्यापर्यंत चालू राहतो.

आता तुम्ही म्हणाल, मग सर्टिफिकेटाचा उपयोग काय? उपयोग तो खाली उतरल्यावर सुरू होतो. हेल्मेट काढून, घाम पुसून, डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांकडे बघतो तसा तो काकीकडे बघतो.

‘काकी, तुमच्या माडाक गेंड्या भुंगो लागलो हा.’

झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या दिसतात ती त्याचीच करणी. शेंड्यातल्या भोकात तारेचा आकडा घालून भुंगा ओढून काढायचा, मग झावळ्यांच्या बेचक्यांत वाळू आणि डांबरगोळ्या भरायच्या. इथवर काकी ऐकून घेते. पुढचं वाक्य त्याने गिळायला हवं होतं.

‘पण तो वाढता तुमच्याच शेणखताच्या खड्ड्यात.’

‘माझ्या सासऱ्यान खणलेलो खड्डो तो!’ काकीचा आवाज शेजारच्या वाडीत जातो. मेलेल्या सासऱ्याबद्दल तिने आजवर काढलेला हा पहिला चांगला शब्द.

एवढ्यावर थांबेल तर तो प्रशिक्षित कसला? जुन्या पाडेल्याने चढायला पाडलेल्या खाचांवर तो बोट ठेवतो. माडाच्या खोडाला आंब्याफणसासारखी भरून येणारी साल नसते. एकदा पडलेली जखम जन्मभर उघडी राहते आणि सोंड्या भुंग्याला अशीच वाट हवी असते. तो आत शिरला की त्याच्या अळ्या खोड पोखरतात, भोकातून तपकिरी रस गळतो आणि माडाला वाढीचा कोंब तेवढा एकच, तो गेला की माड गेला. हे सगळं खरं आहे. पण ज्याने खाचा पाडल्या तो दहा हातांवर बसलेला असताना सांगायचं नसतं.

‘तेव्हा मशिन नव्हता,’ जुना पाडेली प्रथमच तोंड उघडतो. ‘मी काय उडान जाय होतंय?’

याला उत्तर पुस्तिकेत नाही.

पुढचे काही महिने तो प्रत्येक बागेत माडाच्या खोडाला कान लावून उभा दिसतो. आत अळ्या कुरतडत असतील तर ऐकू येतं म्हणून. वाडीत मात्र बातमी पसरते, की काकीच्या पाडेल्याशी माड बोलतो. त्याने दोन माड वेळेवर पकडून वाचवले, याची बातमी काही कुठे पसरली नाही. कारण हिशेब साधा आहे: नारळ पडला की पैसे दिसतात, माड उभा राहिला तर तो कालही उभाच होता. बागायतदार पाडपाचे पैसे माडामागे मोजतो. शेंडा साफ केल्याचे, वाळू भरल्याचे मागितले की त्याला अचानक मुंबईच्या मुलाचा फोन येतो. मला विचाराल तर या धंद्यातली सगळ्यात उंच चढण तीच.

पण पोरगा शिकला. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत टी-शर्ट विटला, यंत्राच्या पट्ट्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा लागला, बुटक्या माडांवर तो दोराच्या वेढ्यानेच जाऊ लागला. गुडघे धरले की जुना पाडेली रात्री येऊन ते यंत्र मागून नेतो, कुणाला सांगू नकोस म्हणतो, आणि सकाळी सगळ्या वाडीला ठाऊक असतं.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात चाकरमानी उतरले. खोडं शेवाळलेली, पाऊस थांबायला तयार नाही आणि प्रत्येकाला नारळ आजच हवेत. काकीने सकाळी फोन केला, दुपारी केला, तिन्हीसांजेला केला. चौथ्यांदा त्याने उचलला.

‘फाल्या सकाळी येतंय, काकी.’

काकीने फोन ठेवला आणि सुनेला सांगितलं, ‘बाजारातसून धा नारळ हाड. आता तो पाडेली झालो.’