आधी कोणती आशा?

ब्रिजमध्ये बोली लावताना सगळेच शूर असतात. 'सहा इस्पिक' म्हणायला जिभेला काही कष्ट पडत नाहीत. शौर्य ओसरतं ते डावीकडच्याने पहिलं पान उतरवल्यावर आणि भिडूने आपली तेरा पानं टेबलावर उघडी मांडल्यावर. तेरापैकी बारा हात करायचे, म्हणजे सोडायला एकच. बोली चढवण्यात ज्याचा निम्मा हात होता तो भिडू आता डमी झालेला असतो. त्याने सल्ला द्यायचा नाही, सुस्कारा टाकायचा नाही, भुवईसुद्धा उडवायची नाही. किलवर चालू असताना डाव खेळणाऱ्याने भलतंच पान टाकलं, तर 'किलवर नाही का?' एवढं तो विचारू शकतो. आमच्यात एक काका-काकू भिडू म्हणून खेळतात. काकू डाव खेळत असल्या की काका पंख्याकडे बघत बसतात. हा नियम घरीही लागू व्हावा, अशी काकूंची जुनी मागणी आहे.

सहापर्यंत बोली चढवण्याच्या या हावेचं मूळ हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट नावाच्या अमेरिकन धनिकाकडे जातं. त्याआधीच्या ब्रिजमध्ये बारा हात झाले की बक्षीस मिळायचं, बोली कितीची का असेना. 1925 साली पनामा कालव्यातून जाणाऱ्या बोटीवर त्याने गुणांची नवी पद्धत खेळून पाहिली: आधी बोलाल तरच बक्षीस. तेव्हापासून भली भली शहाणी माणसं सहापर्यंत चढतात.

नाशकात अशा शहाण्यांची वाण नाही. नाशिकरोडचे सरकारी छापखाने आणि ओझरचा विमान कारखाना यांनी या शहराला निवृत्त, हिशेबी आणि दुपारी मोकळ्या माणसांचा भरघोस पुरवठा केला आहे. आमची दोन टेबलं गंगापूर रोडच्या एका बैठ्या बंगल्यात लागतात. आयुष्यभर नोटांच्या थप्प्या पाहिलेला माणूस इथे एक रुपयाही न लावता डोकं शिणवतो, तरी शेजारी म्हणतात, 'तिथे पत्ते चालतात.' त्यांना मी सर्वोच्च न्यायालयाचा 1967 चा निकाल सांगून पाहिला. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे आणि त्यात नशिबाचा भाग ब्रिजच्या वाटपात असतो तेवढाच, असं न्यायालयाने म्हटलं होतं. शेजाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'म्हणजे तुम्ही रमीपण खेळता?'

2018 साली आमची पत जरा सुधारली. आशियाई खेळांत चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळने तीन साथीदारांसह रोइंगचं सुवर्ण मिळवलं आणि पुढच्या आठवड्यात ब्रिजचंही सुवर्ण आलं. प्रणव बर्धन, वय 60, आणि शिबनाथ दे सरकार, वय 56. दत्तूसारखी वल्ही मारणं आमच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. बर्धन मात्र आमच्यातलेच वाटले. आमच्या टेबलावर सहाच्या बोल्या वाढल्या त्या तेव्हापासून.

त्यातलाच हा परवाचा डाव. बोली सहा इस्पिक, म्हणजे हुकूम इस्पिकचा, खेळणाऱ्या काकू. त्यांच्याकडे इस्पिकचे एक्का, राजा, राणी, गुलाम, नव्वी. बदामचा एक्का आणि सत्ती. चौकटचे एक्का, राणी आणि एक बारकं पान. किलवरची तीन फुटकळ. काकांनी मांडली ती अशी: इस्पिकच्या दश्शीखाली तीन पानं, बदामचा राजा आणि पंजी, चौकटची दोन बारकी, किलवरचे एक्का-राजा आणि आणखी तीन. डावीकडून उतारी झाली बदामच्या राणीची.

हा हात एक्क्यानेही होतो आणि राजानेही. त्यामुळे नव्वद टक्के मंडळी 'राजा' म्हणून मोकळी होतात. काकूंनी पानं उपडी ठेवली आणि चष्मा पुसला.

मोजून दहा हात पक्के: हुकमाचे पाच, बदामचे दोन, किलवरचे दोन आणि चौकटचा एक्का. बाकीच्यांसाठी आशा दोन. पहिली फिनेसची: डमीतून चौकट खेळून राणी लावायची; चौकटचा राजा उजवीकडच्याकडे असेल, तर राणीचा हात होईल आणि तिसरी चौकट डमीच्या हुकमाने मारता येईल. ही शंभरात पन्नास. दुसरी किलवरची: विरोधकांची पाच किलवरं तीन-दोन वाटली गेली असतील, तर तिसरी फेरी त्यांना द्यायची, मग डमीतली उरलेली दोन पानं उभी राहतात आणि त्यांच्यावर चौकटची राणी आणि ते बारकं पान टाकून देता येतं. ही शंभरात अडुसष्ट.

हौशी खेळाडू दोन्हींतली एक निवडतो. मुरलेला निवडतच नाही, क्रम लावतो. फिनेस आधी घेतली आणि फसली, तर एक हात गेला. किलवरचा एक जायचाच आहे, म्हणजे डाव बुडाला. उलट आधी हुकूम काढून घेऊन किलवरचे एक्का-राजा वाजवले, तर काहीच न गमावता वाटणी कळते. दोन्ही वेळा दोघांनी किलवर दिलं, तर फिनेसची गरजच नाही. कुणी भलतंच पान टाकलं, तर आपण डमीतच आहोत, फिनेस तेव्हा घ्यायची. पन्नासचे चौऱ्याऐंशी होतात. पहिल्याच फेरीला किलवर सोडणंही घाईचंच. उजवीकडचा लगेच चौकट खेळतो आणि किलवरं कळायच्या आत फिनेसचा निर्णय मागतो. आणि बदामचा राजा डमीत राखायचा, कारण चारही इस्पिकं एकाकडेच निघाली तर वर जायला तो एकच जिना उरतो.

काकूंनी एक्का लावला. हुकूम काढले, किलवरं तीन-दोन निघाली, बारा हात झाले. काकांनी पंख्यावरची नजर काढली.

दुसऱ्या टेबलावर हाच डाव एका घाईच्या गृहस्थांकडे होता. त्यांनी बदामचा राजा लावला, दोन फेऱ्यांत हुकूम काढले आणि लगेच चौकटची फिनेस घेतली. चौकटचा राजा नेमका उजवीकडे. त्यांचेही बारा. दोघांना गुण सारखेच, 980. गृहस्थांनी मोठ्या आपुलकीने विचारलं, 'मग काकू, एवढा वेळ कशाला घेतलात?'

'तुमचा राजा उजवीकडे असायला हवा होता,' काकू म्हणाल्या. 'माझा कुठेही चालला असता.'

घरात पत्त्यांचा एखादा पुरा जोड असेल तर हा डाव एकदा मांडून पाहा. चौकटचा राजा मुद्दाम डावीकडे ठेवा, किलवरं तीन-दोन वाटा आणि दोन्ही वाटांनी खेळा. चहा डमीला करायला सांगा. त्याला नियमाची आडकाठी नाही.