रा. रा. लिटरला सोळा यांस

मुक्काम : एका आलिशान सेडानच्या ब्रोशरचे शेवटचे पान



पत्र मराठीत लिहितो आहे, कारण तुमचा जन्म पुण्याचा. ब्रोशरात तुमच्या पायाशी मुंगीएवढ्या अक्षरांत 'एआरएआय' असे छापले आहे. म्हणजे वाहनांची चाचणी घेणारी संस्था; पत्ता वेताळ टेकडी, कोथरूड. आम्हीही तसे तुमच्याच भाषेतले. भोसल्यांच्या अमदानीत नागपूरकडून इकडे आलेल्यांपैकी. घर रायपूरच्या तात्यापाऱ्यात, नोकरी सिलतऱ्यात, एका रोलिंग मिलच्या अकाउंट्समध्ये. तुमचे पूर्ण नाव सोळा पूर्णांक आणि पुढे दशांशातले दोन आकडे असे आहे. ते दोन आकडे मी गाळतो आहे. इथे श्वासात कोळसा किती आणि लोखंड किती जाते, हे आम्हाला कोणी अंदाजानेसुद्धा सांगत नाही. तिथे दशांशाची ऐट कशाला?

विषय असा, की तुमच्यामुळे एक माणूस चोर ठरला आहे.

आमच्या शेठजींनी ही गाडी घेतली. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, वजन पावणेदोन टनांच्या घरात, आत बसले की बाहेरचे जग बंद. चालवतो तो सिमग्याकडचा ड्रायव्हर, मिलमधला जुना माणूस. परवा इंटर्नल ऑडिटला एक पोरगा आला, वयाने लहान, लॅपटॉप मोठा. त्याने पेट्रोलच्या पावत्या आणि लॉगबुक समोरासमोर ठेवले. गाडी लिटरला साडेसात-आठ किलोमीटरच्या वर जाईना. मग त्याने नेटवर ब्रोशर उघडले, तिथे तुम्ही सुहास्य वदनाने बसलेला होतात. झाले. सोळातून आठ गेले, उरले ते ड्रायव्हरने विकले. एक्सेलमध्ये तक्ता, वर मथळा 'पेट्रोलची चोरी', तळाशी वसुलीची रक्कम. ड्रायव्हर माझ्या टेबलासमोर उभा राहून एवढेच म्हणाला, "मैं चोर नोहंव साहेब."

त्या संध्याकाळी मी तुमची कुंडली काढायला बसलो.

तुमचा जन्म रस्त्यावर झालेलाच नाही. छपराखाली, २० ते ३० अंशांच्या हवेत, गाडीची चाके रोलरवर फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. सगळा खेळ ११८० सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटेसुद्धा नाही. तेवढ्यात साडेदहा-अकरा किलोमीटरचा 'प्रवास' होतो, वेग ताशी ९०च्या वर कधीच नाही आणि एसी बंद. टाकीतून पेट्रोल किती गेले हेही कोणी बघत नाही. सायलेन्सरमधून निघालेला वायू पिशव्यांत भरायचा, त्यातला कार्बन मोजायचा आणि त्यावरून पेट्रोलचा हिशेब मांडायचा. पद्धत शास्त्रशुद्ध आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. या चाचणीत शून्यावरून ताशी ५०वर जायला २६ सेकंद दिलेले असतात. सव्वीस! भनपुरीच्या चौकात हिरवा दिवा लागल्यावर कोणी इतक्या संथपणे निघाला, तर मागचा ई-रिक्षावाला त्याच्या सात पिढ्या उद्धरील. आणि ब्रोशरच्या त्याच पानावर तुमच्या शेजारच्या चौकटीत कोण राहते? 'शून्य ते शंभर, सातेक सेकंदांत.' तुम्ही दोघे एका पानावर नांदता, पण एका गाडीत एकाच वेळी कधी बसलेला नाहीत. तो आला की तुम्ही खिडकीतून उडी मारता. शेठजींनी पैसे मोजले ते त्या शेजाऱ्यासाठी. "जरा दबा के चलाओ, मीटिंग है," हे वाक्य रोज त्याच्याच नावाने म्हटले जाते. हिशेब मात्र मागितला जातो तुमच्या नावाने, आणि वसुली ड्रायव्हरच्या पगारातून. यातला एकही पैसा ज्याने हे दोन आकडे शेजारी शेजारी छापले त्याच्याकडून मागायचे कोणाच्या मनात येत नाही!

आता आमचा रस्ता ऐका. फाफाडीह, भनपुरी, बिरगाव, धनेली, मग सिलतरा. बिलासपूर रोड. पुढे कोळशाचा हायवा, बाजूला सळ्यांचा ट्रेलर, मागे स्पंज आयर्नची गाडी, ताडपत्री अर्धी उडालेली. कारखान्यांच्या वजनकाट्यावरची रांग कधी कधी थेट सर्व्हिस रोडवर येते. मग गाडी दहा फूट सरकते, थांबते, पुन्हा दहा फूट. पावणेदोन टन ढकलायला जे पेट्रोल लागते ते प्रत्येक वेळी नव्याने लागते, आणि ब्रेक दाबला की त्याची नुसती ऊब होते. थांबल्यावर आपोआप बंद होणारे इंजिन हे या गाडीचे आणखी एक कौतुक. मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असताना एसीसाठी ते इंजिन बंद व्हायला तयारच नसते. गाडीलाही कळते, शेठजी मागे बसले आहेत.

आणि खरी चोरी कुठे होते तेही सांगतो. शेठजी प्लान्टमध्ये शिरतात, तासाभरात येतो म्हणतात आणि दोन-अडीच तासांनी येतात. सीट गरम लागू नये म्हणून गाडी एसीसकट चालू ठेवायची, हा हुकूम आहे. उभ्या गाडीत असे इंजिन तासाला लिटरभर पेट्रोल सहज पिते. किलोमीटर शून्य. ड्रायव्हर बाहेर लिंबाखाली उभा असतो, कारण एकट्याने एसीत बसलेले शेठजींना आवडत नाही. खाली उतरवलेल्या माणसाच्या नावावर ते पेट्रोल लिहिताना त्या ऑडिटवाल्याचा हात जरासुद्धा अडखळला नाही.

बाकीचे उरकतो. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने एक-तृतीयांश ऊर्जा कमी. त्यात सांगली-कोल्हापूरचा ऊस असेल एवढेच माझ्या मराठी मनाला समाधान. सर्व्हिस सेंटरने जॉबकार्डवर एकच ओळ लिहिली : ड्रायव्हिंग स्टाइल सुधारावी. तिथेही ड्रायव्हरच.

मला वाटले होते, तुम्ही एकदा तरी रस्त्यावर दिसलात तर प्रकरण मिटेल. तुम्ही दिसलात आणि घात झाला. शेठजी लग्नाला नागपूरला गेले, रस्ता मोकळा, वेग ८०-८५, सोबत शेठाणी असल्याने दाबून चालवायची सोय नाही. मीटरवर पंधराच्या वर अ‍ॅव्हरेज. शेठजींनी स्क्रीनचा फोटो काढून ऑडिटवाल्याला पाठवला. निष्कर्ष : मालक गाडीत असले की पेट्रोल टिकते, म्हणजे एरवी चोरी होतेच. रोज सिलतऱ्याला जातानाही मालकच मागे बसलेले असतात, हे सांगायची प्राज्ञा ऑफिसात कोणाची नाही. माझीही पगाराची तारीख सातच आहे.

तुमच्या कुंडलीत आणखी एक नोंद सापडली. ज्या युरोपीय चाचणीवरून तुमची चाचणी बेतली, ती ताशी १२०पर्यंत जात असे. आपण तिला ९०वर आणून बसवले. युरोपातही कागद आणि रस्ता यांतली तफावत २००१मध्ये नऊ टक्क्यांच्या आसपास होती, ती २०१५पर्यंत चाळिशीच्या पुढे गेली, असे आयसीसीटी या संस्थेने मांडले. २०१७पासून त्यांनी ती चाचणीच मोडीत काढायला घेतली. चाळीस टक्के इंधन जास्त लागले म्हणून जर्मनीत कोणी ड्रायव्हरला चोर म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

खरे सांगू? कुंडली बघता बघता तुमची दया येऊ लागली. तुम्ही कधी खोटे बोललाच नाहीत. त्या खोलीत, त्या वीस मिनिटांत, तुम्ही अक्षरशः खरे होता. दोन गाड्यांची तुलना करता यावी एवढ्यासाठी तुम्हाला जन्म दिला. तुम्हाला ना ऊन माहीत, ना हायवा, ना आमचे शेठजी. आणि लोकांनी तुम्हाला साक्षीदार करून कोर्टात उभे केले, तेही अशा माणसाविरुद्ध ज्याने ब्रोशर कधी हातात धरले नाही.

आता व्हाउचर. 'पेट्रोल फरक, ड्रायव्हरकडून वसुली' असे लिहून ते माझ्याकडे आले आहे आणि 'रक्कम प्रमाणित' या रकान्यात माझी सही हवी आहे. मी शेरा मारून परत पाठवले : सोळा हा आकडा ज्याचा, त्याने येऊन सही करावी. तेव्हा या. मे महिन्यात या. रायपूर स्टेशनवर न्यायला हीच गाडी पाठवतो, ड्रायव्हरही तोच असेल. तुमची ट्रेन लेट झाली तरी काळजी नसावी, एसी चालू ठेवायला सांगतो.

आपला,
एक अकाउंटंट,
सिलतरा, फेज दोन