राजकन्येने सासरी कसे नांदावे?
(युरोपातल्या सर्व राजघराण्यांसाठी, पंधरावे ते अठरावे शतक)

चि. सौ. कां. राजकन्येस,

तुझं लग्न ठरलं आहे. कुणाशी, ते अजून नक्की नाही. कुणाविरुद्ध, ते मात्र पक्कं आहे. तेव्हा खालील सूचना पाठ कराव्यात.

१. वेळेत सुरुवात करावी. ऑस्ट्रियाची मार्गारेट १४८३ मध्ये फ्रान्सला सासरी गेली तेव्हा तीन वर्षांची होती. १४९१ मध्ये नियोजित वराने, म्हणजे आठव्या चार्ल्सने, ब्रिटनीच्या वारसदारणीशी लग्न उरकलं. तरी मार्गारेट आणखी दोन वर्षं तिथेच. मुलगी परत पाठवायची म्हणजे तिच्याबरोबर आलेला मुलूखही परत करावा लागतो, आणि तेवढं मन कुणाचं मोठं नसतं.

२. चित्र बेतानं सुंदर काढून घ्यावं. क्लीव्हच्या ॲनचं चित्र होल्बाइनने काढलं, ते आठव्या हेन्रीला पसंत पडलं. मग ॲन स्वतः आली, ती पसंत पडली नाही.

३. आंदण मोजून घ्यावं. पोर्तुगालच्या कॅथरीनबरोबर इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला रोख रक्कम, टँजियर आणि आपली मुंबई मिळाली. करार १६६१ चा, लग्न १६६२ चं. पण तिथल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी खळखळ केल्यामुळे मुंबईचा ताबा मिळायला १६६५ उजाडलं. पुढे १६६८ मध्ये जावईबापूंनी ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. सासरी आपली किंमत किती, हे यावरून ताडावं.

४. नवरदेवाची वाट पाहू नये. १७७० मध्ये व्हिएन्नाच्या चर्चमध्ये चौदा वर्षांच्या मारी आंत्वानेतचं लग्न लागलं, तेव्हा वराच्या जागी तिचा सख्खा भाऊ फर्डिनांड उभा होता. पाठवणी ऱ्हाइन नदीतल्या बेटावर, खास उभारलेल्या लाकडी मंडपात झाली. माहेरची माणसं तिथूनच माघारी फिरली. तिचा लाडका कुत्रा ऑस्ट्रियन निघाल्यामुळे त्यालाही पुढे येऊ दिलं नाही, असं सांगतात.

५. सवतीशी गोडीनं वागावं. पोर्तुगालच्या कॅथरीनने दासींच्या यादीतून राजाच्या प्रेयसीचं, बार्बरा पामरचं, नाव खोडलं. राजाने बार्बराला भर दरबारात तिच्यापुढे आणून उभं केलं. राणीच्या नाकातून रक्त आलं, ती बेशुद्ध पडली. शुद्धीवर आल्यावर काय? यादी राजाचीच कायम राहिली.

६. सुटका झाल्यास आनंद लपवावा. हेन्रीशी लागलेलं लग्न सहा महिन्यांत रद्द झालं तेव्हा क्लीव्हच्या ॲनने वाद घातला नाही. रिचमंडचा वाडा, हेव्हरचा किल्ला, सालीना तनखा आणि ‘राजाची लाडकी बहीण’ हा किताब तिच्या पदरात पडला. हेन्रीच्या मागे ती दहा वर्षं जगली, तीही धडावर डोकं ठेवून.

७. अनुभवाचा उपयोग करावा. ऑस्ट्रियाच्या मार्गारेटने पुढे दोन नवरे केले; दोघेही वारले. चोविसाव्या वर्षी विधवा झाल्यावर तिने पुन्हा बोहल्यावर चढायला साफ नकार दिला. पुढे नेदरलँड्सचा कारभार हाकला आणि १५२९ मध्ये काँब्रे इथे, फ्रान्सच्या राजमातेसमोर बसून, दोन राजांचं युद्ध मिटवलं. त्या तहात एक कलम तिच्या भाचीचं होतं: एलेओनोरने फ्रान्सच्या राजाशी लग्न करावं.

कळावे, लोभ असावा.