पाणी आलं!

(रंगमंचावर प्लास्टिकची एक खुर्ची. मामा लाइफ जॅकेट घालून येतात. पोटावरचं बकल लागत नाही. ओढतात, श्वास आत घेतात, सोडून देतात.)

मंडळी, मी वाळूज एमआयडीसीत प्रेस शॉपला सुपरवायझर. राहायला बजाजनगर. आमच्याकडं ओअ‍ॅसिस चौक आहे. चौकच आहे फक्त. पाणी टँकरनं येतं.

आमचा भाचा पुण्याला कॉम्प्युटरमध्ये. म्हणाला, "मामा, लडाखला चला. झांस्कर नदीत राफ्टिंग! पदुमकडनं निघायचं, दिवसभर वल्हवायचं, रात्री काठावर तंबू, आणि थेट निमूला उतरायचं. दोन्ही बाजूंनी उभे कडे, सगळं वाळवंट."

म्हटलं, "वाळवंटात बोट?"

"हो ना! लेहला वर्षाचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर."

आपल्याकडं ७०० च्या आसपास. (प्रेक्षकांकडे बघत) आणि टँकर कुणाच्या दारात?

नदी बघितली आणि मी हातच जोडले. अहो, पैठणला जायकवाडीचे दरवाजे उघडले की आम्ही सहकुटुंब, डबा घेऊन बघायला जाणारी माणसं. १०२ टीएमसीचं धरण, २७ दरवाजे. भरलं तर भरलं. नाहीतर वरच्या नगर-नाशिकच्या धरणातनं पाणी सुटावं म्हणून हायकोर्ट गाठायचं. आणि इथं एवढं पाणी मोकळं चाललंय, कुणाचा स्टे नाही!

गाईड म्हणाला, पाण्यात पडलात तर उभं राहायचं नाही. पाय दगडात अडकला की प्रवाह माणसाला वाकवून खाली दाबतो. उताणं व्हायचं, पाय पुढं, बोटं वर, आणि वाहत राहायचं. (खुर्चीत तसेच पसरतात.) रविवारी दुपारी मी दुसरं काय करतो?

मग "फॉरवर्ड!" म्हणून ओरडला. राफ्ट जागच्या जागी गोल फिरली. १८६९ साली अमेरिकेत जॉन वेस्ली पॉवेल ग्रँड कॅनियनमधनं होड्या घेऊन गेला. धड नकाशा नाही, लढाईत एक हात गेलेला. एक हात! आमच्यात प्रत्येकाला दोन-दोन, आणि सगळी वल्ही शेजारच्याच्या हेल्मेटवर.

पहिली लाट तोंडावर बसली. नुकतंच वितळलेलं बर्फ! मी मोठ्यांदा आईला हाक मारली. आई बजाजनगरात.

आता रात्रीचं ऐका. ही नदी बर्फावर चालते. दिवसा ऊन तापतं, वर बर्फ वितळतो, ते पाणी खाली पोचेपर्यंत संध्याकाळ, कधी रात्र. म्हणून राफ्ट वर ओढून बांधायच्या. मी आपला तंबूत गाढ. मध्यरात्री आवाज वाढला. डोळे मिटलेले, पण कान बजाजनगरचे! ताडकन उठलो. "पाणी आलं! मोटार लावा! ड्रम सरकवा! आधी पिण्याचं भरा!"

सगळा कॅम्प बाहेर. एक फ्रेंच बाई तर हेल्मेट घालून. गाईडनं बॅटरी मारली, तर पाणी खरंच राफ्टच्या दोरापर्यंत! म्हणतो, "सर, आपको नींद में कैसे पता चला?"

म्हटलं, "भाऊ, आमच्याकडं यालाच झोप म्हणतात."

सकाळी आचारी डोक्याला हात लावून बसलेला. काठाला झरा नाही आणि नदीचं पाणी सिमेंट कालवल्यासारखं. ग्लासात तळाला बोटभर गाळ. मी पिशवी उघडली. आमच्या आईनं निघताना बळंच कोंबलेली (खिशातून खडा काढून उंच धरतात) तुरटी! बादलीत सात-आठ वेळा फिरवली. म्हटलं, आता हलवायचं नाही. थोड्या वेळानं वरचं पाणी नितळ. ते उकळून चहा! भाच्यानं सांगितलं, कोलोरॅडो नदीवरचे राफ्टवालेसुद्धा तुरटीच फिरवतात. घ्या! म्हणजे आमच्या आईचं खातं अमेरिकेपर्यंत. तिथून पुढं राफ्टमध्ये माझी जागा मधली, आणि वल्हं भाच्याकडं.

निमूला पोचलो. झांस्करचं मातकट पाणी आणि सिंधूचं हिरवट, शेजारी-शेजारी वाहतंय. सगळे फोटोत गुंग. भाच्याचा फोन पोस्टपेड, माझं प्रीपेड तिकडं मुकं. त्याच्या फोनवरनं घरी लावला. "अगं, काय पाणी आहे इथं!"

"बघत बसू नका. टँकरवाला आला नाही. लावा त्याला फोन."

लावला. तो म्हणतो, "साहेब, भरायला पाणीच नाही, कुठनं आणू?"

(दोन्हीकडे हात पसरून, फोनवर ओरडत) "ये इकडं! दोन नद्या आहेत, पाहिजे ती भर! येताना पाईप मोठा आण!"

(अंधार.)